के ताल? : वालेन्सियातलं पहिलं दीड वर्ष आणि देले ए-२

जानेवारी २०२४ मध्ये मी कोल्हापूरहून स्पेनमधल्या वालेन्सियाला आले. नवरा आधीपासून इथे नोकरीला. त्याने इथे कुटुंब एकत्रीकरणाचा अर्ज भरला, तो मंजूर झाला, मग भारतात माझ्या व्हिसाचं काम झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये माझा देले ए-२ या स्पॅनिश परीक्षेचा निकाल लागला (ए-२ म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातली दुसरी पातळी). मधल्या काळात काय काय करावं लागलं, ते त्याच क्रमाने लिहिते आहे. शिवाय 'कसं काय, बरं आहे ना?' एवढं साधं विचारायच्या स्पॅनिशमध्ये इतक्या तऱ्हा आहेत की त्यातली कोणती कुठे ऐकली, तेही ओघात येईलच.

निघण्याआधीचं थोडक्यात सांगते. लग्नाच्या दाखल्यावर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, आणि शेवटी शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर, असा क्रम ठेवा. भाषांतर आधी करून घेतलं तर अपॉस्टिलचा शिक्का त्यात येत नाही आणि खिडकीवरचा माणूस नेमकं तेच विचारतो. अनुवादक स्पेनच्या परराष्ट्र खात्याच्या यादीतला हवा, ती यादी सगळ्यांना बघता येते. आम्हाला पानामागे तीस-पस्तीस युरो पडले. दाखल्याच्या दोन मूळ प्रती काढून ठेवल्या होत्या, दोन्ही लागल्या.

भाषेची तयारी म्हणाल तर मोबाइलवरचं एक अ‍ॅप आणि त्यातलं 'ओला, कोमो एस्तास?' हे वाक्य. हॅलो, कशी आहेस? आल्यावर पहिले काही आठवडे हे वाक्य मला कुणाच्या तोंडून जवळजवळ ऐकूच आलं नाही. लिफ्टमध्ये, पाववाल्याकडे, कचरा टाकायला खाली गेलं तरी सगळीकडे 'के ताल?', म्हणजे 'कसं काय?', चालतं. आणि ते म्हणणारी माणसं उत्तराला थांबतही नाहीत. आपण 'बिएन', म्हणजे 'बरं आहे', म्हणेपर्यंत ती पुढे गेलेली असतात. कोल्हापूरच्या गल्लीत 'काय मग?' म्हणत स्कूटरवरून पुढे जाणाऱ्याला आपण तब्येतीचा हाल सांगत बसतो का? तसंच हे. उत्तर म्हणून 'बिएन, इ तू?' एवढं पुरतं, आणि नुसतं 'के ताल' म्हणून परत फेकलं तरी चालतं.

पहिलं सरकारी काम म्हणजे एम्पाद्रोनामिएंतो, राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद. पासपोर्ट, भाडेकरार आणि वेळ घेतल्याचा कागद एवढं लागलं. वेळ घेण्याला इथे 'थिता प्रेविया' म्हणतात, आणि हे दोन शब्द 'के ताल'च्याही आधी पाठ करा. त्यांच्याशिवाय बहुतेक कचेऱ्यांत आत घेत नाहीत. नोंद झाली की हातात जो कागद मिळतो त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून घ्या. पुढच्या प्रत्येक कामाला तो मागतात, आणि कधी कधी तीन महिन्यांच्या आतला नवा मागतात.

खिडकीवरच्या माणसाला मात्र 'कसे आहात' विचारायचं नसतं. 'बुएनोस दियास', म्हणजे 'शुभ दिवस', म्हणायचं, त्यालाही ते म्हणू द्यायचं आणि मग कामाचं बोलायचं. हे 'बुएनोस दियास' गाळून थेट कागद पुढे केला तर समोरचा चेहरा बदलतो, हे रांगेत उभं राहून मी दुसऱ्यांच्या बाबतीत बघत होते. दुपारच्या जेवणानंतर 'बुएनास तार्देस', म्हणजे 'शुभ दुपार'. आणि इथे जेवण अडीच-तीनला होतं, त्यामुळे दुपारी एकलाही लोक 'बुएनोस दियास' म्हणतात. घाईत असाल तर नुसतं 'बुएनास', ते चोवीस तास चालतं.

त्यानंतर तिए, म्हणजे परदेशी नागरिकांचं ओळखपत्र. देशात आल्यापासून महिन्याच्या आत त्यासाठी अर्ज करायचा असतो. अर्ज एक्स-१७ क्रमांकाचा, शुल्क ७९० नमुन्याच्या ०१२ प्रकारचं. मी गेले तेव्हा ते सोळा युरोंच्या आसपास होतं. ते बँकेत भरायचं, आणि बऱ्याच शाखा असलं शुल्क सकाळी ठरावीक तासांतच घेतात, म्हणून ते आदल्या दिवशीच उरकून टाका. बोटांचे ठसे द्यायला पोलिसांकडे वेळ मिळणं हा खरा कस. संकेतस्थळावर 'सध्या वेळ उपलब्ध नाही' हे वाक्य इतक्यांदा वाचलं की न समजताही पाठ झालं. सोमवारी सकाळी लवकर बघायचं, एवढा एकच सल्ला कामी आला. दलाल पैसे घेऊन वेळ विकतात, त्यांच्या नादी लागू नका. ठसे झाल्यावर कार्ड हातात यायला महिना-सव्वा महिना, आणि ते घ्यायला पुन्हा थिता.

एक गोष्ट नावाची. इथल्या प्रत्येक अर्जात आडनावाचे दोन रकाने असतात, कारण स्पॅनिश माणसाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. आपल्या पासपोर्टवर एकच. दुसरा रकाना मोकळा सोडायचा. माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव माझ्या नावासोबत 'नाव' या रकान्यात आहे, ते तसंच, त्याच क्रमाने सगळीकडे लिहिलं. कंटाळा आला म्हणून कुठे गाळलं नाही. परीक्षेच्या प्रमाणपत्रापर्यंत हेच नाव जाणार असतं.

मार्चमध्ये आरोग्यकार्ड काढलं, त्याला इथे 'सिप' म्हणतात. नवऱ्याच्या सामाजिक सुरक्षेखाली मी लाभार्थी असल्याचा कागद आधी काढावा लागला, मग तो घेऊन आपल्या भागातल्या आरोग्यकेंद्रात नोंदणी. तिथे एक ठरलेली डॉक्टर मिळते. मला तेव्हा खोकला लागला होता. डॉक्टरांनी विचारलं, 'के ताल से एंकुएंत्रा?' म्हणजे तुम्हाला कसं वाटतंय. हे तब्येतीचं विचारणं, आणि इथे लोक खरोखर उत्तराची वाट बघतात. त्यांचा दुसरा प्रश्न होता 'के ले पासा?', तुम्हाला काय होतंय? हेच शब्द थोडे बदलून तरुण मुलं रस्त्यात एकमेकांना 'के पासा, तिओ!' म्हणून हाक मारतात, तेव्हा कुणाला काही झालेलं नसतं.

'रेगुलार' या शब्दाकडे लक्ष द्या. तो ऐकून आपल्याला वाटतं, चला, सगळं नेहमीसारखं आहे. स्पॅनिशमध्ये 'रेगुलार' म्हणजे यथातथा, फारसं बरं नाही. बाहेर बसलेल्या एका आजोबांनी शेजारणीला हे उत्तर दिलं, तेव्हा तिने लगेच त्यांच्या हातावर हात ठेवला. तिच्या त्या हातावरूनच मला अर्थ लागला.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. आपल्याकडे एवढ्या वयाच्या बाईला अहो-जाहो केल्याशिवाय तोंड उघडत नाही. म्हणून मी त्यांना 'कोमो एस्ता उस्तेद?' म्हणायची, म्हणजे 'तुम्ही कशा आहात?'. त्या दर वेळी हसून म्हणायच्या, मला उस्तेद म्हणू नकोस, म्हातारं झाल्यासारखं वाटतं. स्पेनमध्ये 'तू' फार सैल हाताने वापरतात. दुकानदार, बँकेतली मुलगी, नवऱ्याचा साहेब, सगळ्यांना 'तू'. 'उस्तेद' उरलं आहे ते डॉक्टर, पोलीस, वकील आणि खूप वयस्कर अनोळखी माणसांपुरतं. उलट तळमजल्यावरचं कोलंबियन कुटुंब आपसातसुद्धा 'उस्तेद' म्हणतं, आई मुलाला आणि बायको नवऱ्याला. त्यांचं विचारणंही निराळं. दारात भेटले की 'के मास?', शब्दशः 'आणखी काय?', म्हणजे पहिली भेट असली तरी बोलणं मधूनच सुरू. नवऱ्याच्या कचेरीतला मेक्सिकन 'के ओंदा?' म्हणतो आणि अर्जेंटिनाचा 'कोमो अंदास?', पण शेवटच्या 'दास'वर जोर देऊन. हे सगळं ओळखता येणं पुरे, बोलायचा अट्टहास नको. माझ्या तोंडी 'के ओंदा' आलं तर मेक्सिकन माणूस हसेल आणि वालेन्सियातला बुचकळ्यात पडेल.

त्यात वालेन्सियाला स्वतःची भाषाही आहे, वालेन्सियन. सरकारी पाट्या दोन्ही भाषांत. बाजारात भाजीवाली 'बोन दिया' म्हणते. तिला स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं तर ती बिनबोभाट स्पॅनिशवर येते.

सप्टेंबरात शिकवणी सुरू केली. पर्याय तसे बरेच आहेत. सरकारी भाषाशाळा, म्हणजे एस्कुएला ओफिथिआल दे इदिओमास, स्वस्त आणि उत्तम, पण प्रवेशाच्या तारखा ठरलेल्या असतात. आधीपासून थोडं येत असेल तर पातळी ठरवायची चाचणी देता येते. माझी तारीख हुकली होती, म्हणून प्रौढ शिक्षणकेंद्रात गेले. तिथे परदेशी लोकांसाठी स्पॅनिशचे वर्ग जवळजवळ फुकट असतात, खर्च पुस्तकाचा आणि वहीचा. रेडक्रॉसही, म्हणजे इथली क्रुस रोखा, मोफत वर्ग चालवते. वर्गात युक्रेन, मोरोक्को, पाकिस्तान, चीन अशा सगळीकडच्या बायका. पाकिस्तानी मैत्रिणीशी माझं हिंदी-उर्दूत चालायचं. त्यावर शिक्षिका डोळे वटारायची, आणि बरोबरच होतं तिचं.

वर्गात सगळ्यात जास्त वेळ 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांनी खाल्ला. दोन्हींचा अर्थ 'असणे'. मराठीत 'तुझी बहीण कशी आहे?' हे एकच वाक्य तब्येतीलाही चालतं आणि स्वभाव-रूपालाही. स्पॅनिशमध्ये 'कोमो एस्ता तु एर्माना?' म्हटलं तर उत्तर 'बरी आहे, जरा सर्दी झालीय'. 'कोमो एस तु एर्माना?' म्हटलं तर 'उंच आहे, बडबडी आहे'. ऐकताना फरक फक्त 'ता'चा, आणि परीक्षेच्या ध्वनिफितीत तो पटकन निसटतो. उत्तर देतानाही 'एस्तोय बिएन' म्हणा. 'एस्तोय बुएना' म्हटलंत तर तुम्ही स्वतःच्या देखणेपणाची जाहिरात करताय असं समोरच्याला वाटेल. हे सांगताना शिक्षिकेचा चेहरा अगदी गंभीर होता, वर्ग मात्र खिदळत होता.

बरोबर तेव्हाच, २९ ऑक्टोबर २०२४ ला पूर आला. आम्ही राहतो तो शहराचा भाग वाचला. १९५७ च्या महापुरानंतर तूरिया नदी शहराबाहेरच्या नव्या पात्रातून वळवली, त्याने वाचवलं. त्या पात्राच्या पलीकडची पाइपोर्ता, कातारोखा, आल्फाफार, सेदावी ही गावं चिखलात गेली. वालेन्सिया प्रांतात दोनशेहून जास्त माणसं दगावली. मोबाइलवरचा धोक्याचा इशारा रात्री आठनंतर वाजला, तोवर कित्येक ठिकाणी पाणी घरात होतं.

त्यानंतरचे काही आठवडे 'के ताल' कुणी जाता जाता म्हटलं नाही. लोक थांबून 'कोमो एस्ताइस?' विचारायचे, तुम्ही सगळे कसे आहात, आणि लगेच 'इ लोस तुयोस?', तुमची माणसं? हे 'एस्ताइस' मी पुस्तकात तक्त्यातला एक रकाना म्हणून शिकले होते. स्पेनमध्ये आपल्या माणसांना अनेकवचनात असं विचारतात, लॅटिन अमेरिकेत त्याजागी 'एस्तान'. वर्गातली एक युक्रेनियन बाई कातारोखाला राहायची. वर्ग पुन्हा भरला तेव्हा ती आली, आणि कुणीतरी विचारल्यावर एवढंच म्हणाली, 'आकी एस्तामोस'. इथे आहोत. त्यांची गाडी गेली होती, माणसं वाचली होती. त्या दिवशी शिक्षिकेने पुस्तक उघडलं नाही. शनिवारी आम्ही काही जणी खराटे आणि फावडी घेऊन पायी पुलावरून पलीकडे गेलो. तिथे मला लागले ते शब्द पाणी, चिखल, बादली, 'कुठे ठेवू?' असले होते, आणि ते त्याच दिवशी शिकले.

परीक्षेचा विचार डिसेंबरात पक्का झाला. देले हे प्रमाणपत्र स्पेनच्या शिक्षण खात्याच्या वतीने इन्स्तितुतो सेर्वान्तेस देतं, आणि त्याला मुदत नसते. नागरिकत्वासाठी आपल्यासारख्यांना साधारणपणे दहा वर्षांचं वास्तव्य लागतं, तेव्हा ए-२ पातळीचं प्रमाणपत्र मागतात. दहा वर्षांनी लागणारा कागद आत्ता कशाला, असं नवरा म्हणत होता. पण मला तारीख समोर असल्याशिवाय अभ्यास होत नाही.

नाव मार्चमध्ये, मे २०२५ च्या परीक्षेसाठी नोंदवलं. शुल्क दीडशे युरोंच्या आतच होतं. ते दरवर्षी बदलतं आणि देशागणिकही निराळं असतं. भारतातून देणाऱ्यांसाठी सेर्वान्तेसचं केंद्र नवी दिल्लीत आहे. केंद्रातल्या जागा भरतात, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

परीक्षा चार भागांची आहे. वाचन ६० मिनिटं, ऐकणं ४०, लेखन ४५ आणि बोलणं १२, प्रत्येकाला २५ गुण. वाचन आणि लेखन मिळून एक गट, ऐकणं आणि बोलणं मिळून दुसरा. दोन्ही गटांत ५० पैकी किमान ३० लागतात. म्हणजे बोलण्यात कच्चे असाल तर ऐकण्याने तारून नेता येतं, पण वाचनाचे जादा गुण तिकडे चालत नाहीत. माझा भर त्यामुळे ऐकण्यावर राहिला. भांडी घासताना रेडिओ लावायचा, कळो न कळो.

लेखनात पहिला प्रश्न मैत्रिणीच्या पत्राला उत्तर लिहायचा. तिथे ही चौकशीची वाक्यं थेट कामाला येतात. 'ओला, मार्ता' लिहून स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम द्यायचा. मग 'के ताल एस्तास? यो, मुय बिएन', आणि प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह. ते हाताने लिहायची सवय करा, कळफलकावर ते आपोआप येतं म्हणून हात विसरतो. आपल्या जुन्या पत्रात 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' असायचं, तेवढीच ही एक ओळ. शब्दमर्यादा साठ-सत्तर शब्दांची, तिथे ख्यालीखुशाली लांबवली तर विचारलेले मुद्दे राहून जातात. औपचारिक पत्र असेल तर क्षेमकुशल नाहीच, 'एस्तिमादो सेन्योर' लिहून थेट विषय.

परीक्षेआधी, २८ एप्रिलला दुपारी साडेबाराच्या सुमारास बेटं सोडून जवळजवळ अख्ख्या स्पेनची आणि पोर्तुगालची वीज गेली. मोबाइलही थोड्या वेळाने बंद. लिफ्ट बंद, म्हणून मी जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले आणि दार वाजवून 'तोदो बिएन?' विचारलं. आजी बॅटरीवरच्या रेडिओपाशी बसल्या होत्या. मग आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत बातम्या ऐकल्या. एकच बातमी वेगवेगळ्या शब्दांत परत परत सांगत होते, आणि आजी न कळलेलं हातवारे करून समजावत होत्या. ऐकण्याचा इतका सलग सराव वर्गातसुद्धा झाला नव्हता.

परीक्षेला पासपोर्ट, बोलावण्याचं पत्र, पेन आणि पेन्सिल न्या. आधी तिन्ही लेखी भाग, मग माझी तोंडी दुपारी. आधी बारा मिनिटं तयारीच्या खोलीत बसवतात, तिथे एक विषय आणि एक फोटो निवडायचा. टिपणं काढता येतात, आत नेता येतात, पण वाचून दाखवायची नसतात. आत दोघं जण असतात. एक बोलतो, दुसरा गप्प बसून गुण देतो. गप्प बसणाऱ्याकडे बघू नका. पोटात गोळा आला होता, पण बोलणाऱ्या बाईंनी आधी विचारलं, 'तू म्हणू की उस्तेद?' मी 'तू' निवडलं. मग त्या म्हणाल्या, 'के ताल, एस्तास नेर्विओसा?' घाबरली आहेस का? मी म्हटलं, 'उन पोको'. हे सुरुवातीचं बोलणं गुणांत धरत नाहीत, ते जीभ सैल करायला असतं.

तिसऱ्या कामात छोटी नाटुकली असते, तिला तयारीचा वेळ मिळत नाही. माझ्या वाट्याला दुकानात वस्तू बदलून घ्यायचा प्रसंग आला. तिथेही मी आधी 'बुएनास तार्देस' म्हटलं आणि त्यांच्या उत्तरासाठी थांबले. ती खिडक्यांवरची सवय. तेवढ्या वेळात पुढचं वाक्य जुळवता येतं, हा त्याचा फायदा.

निकालाला साधारण तीन महिने लागतात, आणि तेवढे लागले. ऑगस्टमध्ये संकेतस्थळावर 'आप्तो' दिसलं, म्हणजे उत्तीर्ण. ऐकण्यात अपेक्षेपेक्षा बरे गुण, लेखनात जेमतेम. निकालपत्र लगेच उतरवून घेता येतं, छापील प्रमाणपत्र बऱ्याच महिन्यांनी येतं.

नागरिकत्वाला दुसरी परीक्षाही लागते, सीसीएसई (CCSE) नावाची, स्पेनच्या राज्यघटनेवर आणि समाजजीवनावर. २५ प्रश्न, ४५ मिनिटं, १५ बरोबर आले की पास, शुल्क ८५ युरो आणि त्यातच आणखी एक संधी. ती ऑगस्ट आणि डिसेंबर सोडून दर महिन्याला होते. तिचं प्रमाणपत्र मात्र चारच वर्षं चालतं, म्हणून ती मी आत्ता देणार नाही. तीनशे प्रश्नांची पुस्तिका सेर्वान्तेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि दरवर्षी बदलते, तेव्हा कुणी जुनी झेरॉक्स दिली तर तिच्यावर अभ्यास करू नका.